एका लाटेच्या दोन लाटा: धरणगावातल्या काचेच्या पाटाच्या नोंदी

माझं संशोधन उथळ पाण्यातल्या सॉलिटॉनवर आहे. म्हणजे अशी एकटी लाट, जी पसरून विरत नाही, आपला आकार धरून पुढे जाते. सपाट तळावर ती तशीच राहते. तळ वर आला, पाणी उथळ झालं, की एका लाटेच्या दोन किंवा तीन होतात. मॅडसेन आणि मे यांनी 1969 मध्ये हे दाखवलं, 1973 मध्ये जॉन्सन यांनी त्याचा नेमका हिशेब मांडला. खोल पाण्याच्या खोलीला उथळ पाण्याच्या खोलीने भागायचं आणि उत्तराचा सव्वादोनावा घात काढायचा. तो 3 आला तर दोन लाटा, 6 आला तर तीन. 10 सेंमी पाणी 6.1 सेंमीवर आणलं की घात 3 येतो.

हे मी बरीच वर्षं संगणकावर, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बघत आलो. आता एमएस्सीच्या मुलांना पाण्यात दाखवायचं ठरवलंय. विकतचा पाट, म्हणजे पारदर्शक भिंतींची लांबट, अरुंद पाण्याची टाकी, आपल्या कॉलेजांच्या आवाक्यातला नाही. खानदेशात किंवा अशाच तापणाऱ्या मुलखात कुणी हा पाट बांधायला घेतला, तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

2 एप्रिल

जागा मिळाली. कापसाचा हंगाम संपल्यामुळे धरणगावच्या एका जिनिंगचं गोदाम रिकामं आहे. दसऱ्यापर्यंत वापरा म्हणाले, भाडं घेत नाहीत. जमीन सिमेंटची, बोअर शेजारीच, छप्पर पत्र्याचं. 32 फूट सरळ लांबी लागते, ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत नव्हती.

9 एप्रिल

लोखंडी अँगलचा सांगाडा फॅब्रिकेशनवाल्याकडून आला. प्रत्येक पायाखाली जाड बोल्ट आणि नट, म्हणजे उंची पान्याने कमी-जास्त करता येते. हे त्याने स्वतःहून सुचवलं आणि पुढे सगळ्यात जास्त कामाला आलं. बाजू आणि तळ 5 मिमी अॅक्रिलिकचे, आठ-आठ फुटांचे तुकडे, सांधे सिलिकॉनने भरले. पाटाची रुंदी एक फूट, उंची एक फूट. 10 सेंमी पाणी म्हणजे जवळपास 300 लिटर, तेवढं वजन अँगल आरामात पेलतो.

17 एप्रिल

सांधे सुटले. संध्याकाळी पाणी भरलं तेव्हा थेंबही गळत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिन्ही सांध्यांखाली ओल, आणि एका ठिकाणी तर धार लागलेली.

सिलिकॉन खराब असेल म्हणून ते खरवडून पुन्हा भरलं. पुन्हा तेच. मग पहाटे आणि दुपारी सांध्यांची फट मोजली, तेव्हा कारण कळलं. अॅक्रिलिक तापल्यावर लोखंडाच्या पाच-सहापट वाढतं. पत्र्याखाली पहाट आणि दुपार यांत सहज 15 अंशांचा फरक पडतो. तेवढ्याने आठ फुटी तुकडा अँगलपेक्षा दोन मिमी जास्त लांबतो, रात्री परत आखडतो. रोज दोन मिमी ओढाताण सहन करणारा सांधा सिलिकॉनने होत नाही. पुण्या-मुंबईच्या एसी प्रयोगशाळेत अॅक्रिलिक चालत असेल, इथे एप्रिलमध्ये नाही.

काच आणि लोखंड मात्र जवळपास सारखेच वाढतात. त्यामुळे सगळं अॅक्रिलिक उतरवलं. साडेएकोणीस हजारांचा माल आहे, भिंतीला टेकवून ठेवलाय. दुसऱ्या कशाला तरी वापरेन.

26 एप्रिल

माशांच्या टाक्या बनवणाऱ्या जळगावच्या एका कारागिराकडून 8 मिमी काच कापून आणली आणि जोडकामही त्यालाच दिलं. सिलिकॉन भरल्यावर त्याने पाण्याला हात लावू दिला नाही: "पूर्ण सुकू द्या सर, घाई कराल तर पुन्हा मलाच बोलवाल." सुकल्यावर पाणी भरलं, दुपारच्या उन्हातही सांधे कोरडे. अॅक्रिलिकच्या निम्म्या पैशांत काम झालं.

29 एप्रिल

लेव्हल. मिस्त्रीच्या पाण्याच्या नळीने पाट सरळ केला, पण नळीत दोन-तीन मिमी इकडेतिकडे होतंच. मला अर्ध्या मिमीच्या आत हवंय. ही एकटी लाट पहिल्यांदा नोंदवणारे स्कॉटिश अभियंता जॉन स्कॉट रसेल यांचं सूत्र असं: लाटेच्या वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले पाण्याची खोली आणि लाटेची उंची यांची बेरीज. खोली आणि उंची इथे सरळ बेरजेत येतात, त्यामुळे खोली मोजताना एक मिमी चुकला तर लाटेची उंची एक मिमी चुकल्यासारखंच. आणि माझी लाटच पंधरा मिमीची आहे.

काचेवर पट्टी चिकटवून खोली वाचू नका. काचेच्या कडेला पाणी वर चढलेलं असतं, दोन मिमी तिथेच जातात. मी व्हर्निअर कॅलिपरच्या टोकाला शिवणाची सुई बसवली आणि तो पाटावर आडव्या टाकलेल्या पट्टीला घट्ट बांधला. सुई हळूहळू खाली आणायची. पाण्यात तिचं प्रतिबिंब वर येताना दिसतं, दोन टोकं एकमेकांना भिडली की वाचन घ्यायचं. जरा जास्त खाली गेली की पाणी सुईला धरतं आणि टोकाशी छोटा डोंगर होतो, मग सुई वर घेऊन पुसून पुन्हा. एकदा पाण्याच्या पृष्ठावर, एकदा तळावर, फरक म्हणजे खोली. दर दोन फुटांवर हे केलं, पायांचे बोल्ट फिरवले, पुन्हा मोजलं. कंटाळवाणं काम आहे, पण इथे वेळ वाचवायचा नाही.

4 मे

लाट काढायची कशी? मोटरने फळी ढकलून नेमकी हवी तेवढी लाट काढता येते, पण त्याला मोटर, स्क्रू, कंट्रोलर असं बरंच लागतं. मी रसेल यांच्या जुन्या पद्धतीने गेलो. एका टोकाला कप्पा, त्यात पाणी चार सेंमी जास्त, मध्ये दार, दार झटक्यात वर. दार जुन्या अॅक्रिलिकचं, कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी.

हाताने दार उचललं की लाट घाणेरडी निघते. फोनच्या स्लो मोशनमध्ये बघितलं, दार वर यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतात, तोवर पाणी खालून फवाऱ्यासारखं सुटतं. कप्पीवरून दोरी घेऊन दुसऱ्या टोकाला वजन बांधलं. थोडा फरक पडला. मग दोरीला हातभर ढील ठेवली. वजन आधी मोकळं पडतं, वेग घेतं आणि मग दाराला हिसका देतं. दार डोळ्याला दिसत नाही इतक्या पटकन वर जातं. खाली वाळूचं पोतं टाका, नाहीतर वजन फरशी फोडेल.

पहिली स्वच्छ लाट निघाली. गुळगुळीत, एकच उंचवटा, पुढे-मागे पाणी सपाट. टोकाच्या काचेवर आपटली, परत फिरली, आणि आकार तोच. मुलं पाटाच्या कडेने तिच्यासोबत चालत होती. रसेल यांनी 1834 मध्ये एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यावर तिचा घोड्यावरून पाठलाग केला होता. आमची लाट सेकंदाला मीटरभर जाते, चालून गाठता येते.

8 मे

वेग मोजला. काचेवर 4 मीटर अंतरावर दोन खुणा, फोन सेकंदाला 240 चौकटींवर. 10 सेंमी पाण्यात दीड सेंमीच्या लाटेला 3.77 सेकंद लागायला हवेत, तीन सेंमीच्या लाटेला 3.55. उंच लाट जास्त पळते, एवढं तरी सकाळच्या आकड्यांत साफ दिसलं. दुपारचे आकडे मात्र सगळे जड, त्याच उंचीच्या लाटेला जास्त वेळ.

आधी फोनवर संशय घेतला, मग दारावर. गोदामाच्या राखणदार नानांना विचारलं, मागून कुणी पाणी तर काढलं नाही ना? ते म्हणाले, "पानी आटस ना भाऊ, उन्हायाना दिन शेतस." सुई लावून बघितलं. सकाळी 10.0 सेंमी असलेलं पाणी संध्याकाळी 9.2. पारा 43 च्या वर, पत्र्याखाली कोरडी झळ, आणि पाट तीन चौरस मीटर उघडा. आठ मिमी पाणी हवेत गेलं होतं.

पुढे पाणी उथळ करण्यासाठी तळावर कट्टा बसवल्यावर हे आणखी नडलं असतं. 10 आणि 6.1 चे 9.2 आणि 5.3 झाले की घात 3 राहत नाही, साडेतीनच्या जवळ जातो, आणि दोन लाटांच्या मागे नको असलेली शेपटी येते. आता नियम असा: काम पहाटे पाच ते आठ, दर तासाला सुई लावून पाणी पुरवायचं, बाकी वेळ पाटावर ताडपत्री. नवे आकडे सूत्राशी एका टक्क्याच्या आत जुळतात.

13 मे

दोन दिवसांपासून लाट लवकर बसत होती. काचेच्या घर्षणाने उंची थोडी कमी होणारच. क्यूलेगन यांनी 1948 मध्ये दिलेल्या हिशेबाने किती व्हावी तेही काढता येतं. पण घट त्याहून बरीच जास्त. पाण्यावर तिरपा टॉर्च मारला तेव्हा दिसलं, अख्ख्या पाण्यावर रुईच्या तंतूंची आणि धुळीची साय. गोदाम कितीही झाडलं तरी वाशांवर बसलेली रुई वाऱ्याने पडतच राहते.

वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर अलगद टेकवायचा आणि एका कडेने उचलायचा, साय त्याला चिकटून येते. टोकापासून टोकापर्यंत असं केलं की लाट पुन्हा नीट चालते. आता रोजचं पहिलं काम हेच. कागद पाण्यात सोडून देऊ नका, शाई उतरते.

16 मे

रात्री कोड. खोली बदलणारं केडीव्ही (कॉर्टेवेग-डी व्हरीज) समीकरण, म्हणजे या लाटांचं गणित मांडणारं समीकरण, झॅबुस्की आणि क्रुस्कल यांच्या 1965 च्या पद्धतीने सोडवत होतो. लांबीवरचे गणनेचे बिंदू दुप्पट केल्यावर सगळं उडालं, पडद्यावर नुसत्या खुणा. या पद्धतीत बिंदूंमधलं अंतर निम्मं केलं की वेळेची पायरी आठपट लहान करावी लागते. तशी केली, चाललं. दोन लाटा येतात, पुढची मागचीच्या चौपट उंच.

20 मे

कट्टा बसवला. मीटरभराचा चढ, त्यापुढे टोकापर्यंत 3.9 सेंमी उंच सपाट भाग. टेकवून ठेवलेलं अॅक्रिलिक इथे कामी आलं. विटांच्या तुकड्यांवर ते आडवं टाकलं, वर 6.1 सेंमी पाणी.

लाट चढावर आली आणि मरगळली. हिशेबाने उथळ पाण्यात तिची उंची आधी वाढायला हवी, इथे उलट कमी झाली. थेंबभर खाण्याचा रंग ड्रॉपरने कट्ट्याच्या कडेला सोडला, आणि लाट येताच रंग फटीतून कट्ट्याखाली ओढला गेला. खालचं पाणीही हलत होतं, लाटेची शक्ती तिकडे वाटली जात होती. कट्टा दिसायला कट्टा होता, लाटेच्या लेखी तळ अजून खालीच होता.

अॅक्रिलिक काढून खाली गिरणा नदीची वाळू भरली. वाळू बादलीत खळखळून धुवा, पाणी निवळ येईपर्यंत. नाहीतर पाट आठवडाभर गढूळ राहतो. वाळू फळीने सपाट केली, वर अॅक्रिलिक दाबून बसवलं, कडेला तीन मिमी जागा मोकळी सोडून त्यावर रुंद टेप. मोकळी जागा ठेवलीच पाहिजे, अॅक्रिलिक दुपारी वाढणार आहे. सुईने पुन्हा दर दोन फुटांवर खोली. लाट आता चढावर उंच होते.

24 मे

आज दोन लाटा दिसल्या. पुढे उंच, मागे बुटकी, मधलं पाणी सपाट. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही लगेच व्हिडिओ काढला.

घरी येऊन चौकट-चौकट बघितली. मागची बुटकी लाट चढ लागण्याच्या आधीपासूनच आहे. खोल पाण्यातच दोन लाटा निघाल्या होत्या. कट्ट्याचा त्यात काही हात नाही.

27 मे

दोष कप्प्यात होता. दार उघडलं की कप्प्यातला पाण्याचा ढीग निम्म्या उंचीचा होतो आणि मागच्या काचेवरून परतलेला भाग धरून दुप्पट लांबीचा. अशा चौकोनी ढिगातून किती सॉलिटॉन निघणार हे त्याच्या लांबी-उंचीवर ठरतं. चार सेंमी जास्तीच्या पाण्याला हिशेब केला: कप्पा 28 सेंमीपर्यंत असेल तर एक, त्याहून लांब झाला की दोन. माझा कप्पा 45 सेंमीचा होता. लाट मोठी निघावी म्हणून ऐसपैस ठेवला होता.

आत दुसरी फळी घालून कप्पा 20 सेंमीचा केला. एकच लाट, दीड सेंमीची. सूत्र दोन सेंमी सांगतं, उरलेलं दाराच्या खळबळीत जातं. हा प्रयोग करणाऱ्याने कट्टा बसवण्याआधी सपाट तळावर लाट पूर्ण लांबीभर तपासावी आणि मागे काही येत नाही याची खात्री करावी. नाहीतर खोटी दुसरी लाट खरी म्हणून छापली जाईल. जास्त वेळ गेला तो याच्यात, कारण आधीचे कट्ट्यावरचे सगळे आकडे टाकून द्यावे लागले.

2 जून

अर्धा सेंमीची मागची लाट फोनने धड मोजता येत नाही, काचेच्या कडेचं पाणीच तिला झाकतं. दोन स्टीलच्या तारा उभ्या बुडवून पाण्यातून विजेचा प्रवाह मोजणारं गेज बनवलं. पाणी वर आलं की प्रवाह वाढतो.

डीसी दिला तर तारांवर बुडबुडे आणि काळपट थर. एसी दिला की ते थांबतं. बोअरचं पाणी क्षारांचं, त्यामुळे सिग्नल भरपूर मिळतो, पण पाणी एक अंश तापलं की वाचन दोन टक्के सरकतं. म्हणून प्रत्येक लाटेआधी गेज कॅलिपरवर एक सेंमी खाली-वर करून दोन वाचनं टिपायची. दोन मिनिटांचं काम.

आणखी एक. लाट चढावर आली की तिचा छोटा भाग मागे फिरतो, कप्प्याच्या फळीवर आपटतो आणि नेमका मोजायच्या वेळी गेजपाशी येतो. लाट निघून गेली की कप्प्यात कूलरच्या जाळीचं गवत उभं सोडायचं. परतलेली लाट त्यात जिरते. नवं गवत आधी भिजवून काढा, त्याचा पिवळा रंग आणि वास पाण्यात उतरतो.

7 जून

पहाटे साडेपाचला, साय काढून, पाणी बरोबर 10.0 आणि 6.1. कट्ट्याची लांबी एका दमात दोन लाटा सुट्या व्हायला पुरत नाही, म्हणून टोकाच्या काचेवरून परत येतानाची मोजणी. गेज कट्ट्याच्या सपाट भागावर, चढ संपतो तिथून मीटरभर पुढे. म्हणजे उथळ पाण्यात साडेसात मीटरचा प्रवास.

चढाच्या पायथ्याशी लाट 1.5 सेंमी, एकटी. गेजवर पुढची 1.9 सेंमी. मग रेघ खाली येऊन सपाट झाली, आणि एक सेकंद व्हायच्या जरा आधी पुन्हा उठली: 0.5 सेंमी. घर्षण नसतं तर 2.3 आणि 0.6 यायला हवे होते. क्यूलेगन यांच्या हिशेबाने घट वजा केली की 1.85 आणि 0.5 च्या आसपास. दोन्ही जुळतात. पाणी पुरवून, गेज पुन्हा जुळवून, तेच पुन्हा केलं आणि तेच आलं. खोल भागातलं दुसरं गेज या वेळी सोबत होतं, त्यावर दुसऱ्या लाटेचा मागमूस नाही.

कोडमधलं गणित एमएस्सीच्या मुलांनी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आज एका मुलीने गेजची रेघ बघून न विचारता मागच्या लाटेचा वेग काढला आणि दोन लाटांमधलं अंतर बरोबर सांगितलं. हे बघायला मिळावं म्हणूनच हा पाट बांधला.

11 जून

खर्च: सांगाडा चौदा हजार, अॅक्रिलिक साडेएकोणीस, काच आणि जोडकाम साडेदहा, गेज, कप्पी, वाळू, किरकोळ मिळून चार हजारांच्या आत. सुरुवातीलाच काच घेतली असती तर कट्टा आणि दारापुरतं एकच अॅक्रिलिकचं पान लागलं असतं, तेरा हजार वाचले असते.

तीन लाटांसाठी उथळ भाग 4.5 सेंमीवर आणायचा आहे, म्हणजे कट्टा 5.5 सेंमी उंच. वाळू अजून लागेल. तिथे घर्षण जास्त, तिसरी लाट एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचीच असेल, म्हणून सुरुवातीची लाट दोन सेंमीची काढून बघणार. त्यासाठी कप्पा 20 सेंमीचाच ठेवून मागचं पाणी पाच सेंमी जास्त भरायचं. पाऊस पडला की पत्र्याखालची हवा दमट होईल, पाणी कमी आटेल, तेव्हा दिवसभर काम करता येईल. नव्या कापसाच्या गाड्या यायच्या आत हे उरकून पाट सोडवून कॉलेजला न्यायचा आहे. 32 फुटांची जागा तिथे अजून मिळालेली नाही, प्राचार्यांकडे व्हरांड्यासाठी अर्ज दिलाय.